टपाची लाल मोटार

बाबा १९९८ साली गेले तेव्हा त्यांच्या मागे तीन वस्तू उरल्या : पान्यांची लोखंडी पेटी, त्यांची जपमाळ, आणि गुरांच्या रिकाम्या कोठ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली एक लाल मोटार. पहिल्या दोन वस्तूंची वाटणी सहज झाली. पेटी थोरल्याकडे आली, जपमाळ धाकट्याकडे गेली. मोटारीची वाटणी मात्र होईना, कारण ती दोघांनाही नको होती. पुढे वीस-एकवीस वर्षे तिच्यावरील ताडपत्री तेवढी बदलत राहिली. त्या मोटारीची, म्हणजे खरे तर तिच्यात जे नव्हते त्याची ही हकीकत आम्ही दोघे भाऊ दोघांच्याही वतीने सांगत आहोत.

मोटार एमजीए जातीची, १९५७ सालची. दोन माणसांपुरती बैठक, डोक्यावर घडी करून मागे टाकता येणारा कापडी टप, बसकी ठेंगणी बांधणी. दाराला बाहेरून मूठ नाही. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडते. खिडक्यांना काचा नाहीत. पाऊस आला तर बाजूचे पडदे अडकवावयाचे. इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डन गावच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून थोड्या अधिक मोटारी तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य परदेशी, विशेषतः अमेरिकेत गेल्या. आपल्या देशात त्या काळी परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध होते. आमची ही मोटार कोणा परक्या साहेबाबरोबर मुंबईस उतरली आणि साहेब मायदेशी परतताना येथेच राहिली, एवढेच बाबांच्या तोंडून ऐकलेले.

१९६४ साली यवतमाळच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या मालकांनी ती हौसेने विकत आणली. बाबा त्यांच्याकडे ड्रायव्हर होते. मुंबईच्या डांबरी रस्त्यावर शोभणारी ही मोटार आमच्या काळ्या मातीत पहिल्याच पावसाळ्यात पोटापर्यंत रुतली आणि बैलजोडी लावून बाहेर काढावी लागली. कपाशीच्या गाड्या हाकणारे लोक हसले. मालक समजूतदार होते. त्यांनी जीप घेतली आणि लाल मोटार कारखान्याच्या एका कोपऱ्यात उभी राहिली. बाबांनी १९६८ साली हप्त्याने एक जुनी अँबेसेडर घेऊन भाड्याने चालवावयाचे ठरविले. पुढच्या वर्षी नोकरी सोडताना मालकांनी निरोपाची भेट म्हणून लाल मोटार बाबांना देऊन टाकली. ती घरी आली तीही बैलांच्या मदतीनेच.

आमच्या बालपणी ती मोटार म्हणजे आमचे सिंहासन होते. शेजारची मुले दोन-दोन करून आत बसत आणि आम्ही त्यांना मुंबई दाखवून आणत असू. “एक दिवस हिला सुरू करू,” असे बाबा म्हणत. तो दिवस आला नाही. दारव्हा रस्त्यावर, पुसद-वणीकडे, रोग्यांना घेऊन सेवाग्रामच्या इस्पितळात, लग्नाच्या वऱ्हाडात, आणि खेड्यांतील मिस्सेसाठी फादरांना घेऊन ते जन्मभर हिंडले ते अँबेसेडरमधून. लाल मोटार कोठ्यात राहिली.

२०१९ साली आम्ही तिच्यावरील ताडपत्री काढली त्यामागे पितृभक्ती नव्हती, हे आधीच कबूल केलेले बरे. धाकट्याच्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज काढले होते. नागपूरच्या एका परिचिताने सांगितले की, अशा मोटारी चालू स्थितीत असल्या तर हौशी लोक चांगली किंमत देतात. दोघेही नोकरीतून निवृत्त झालो होतो आणि हातात वेळ होता. मोटार दुरुस्त करावयाची, विकावयाची आणि कर्ज फेडावयाचे, इतका सरळ आमचा हिशेब होता.

पहिली पाहणी उत्साहवर्धक ठरली. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत जुन्या मोटारीचा पत्रा कुरतडल्यासारखा होतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाने आमच्या मोटारीचा सांगाडा राखला होता. बॉनेट, डिकी आणि दारे यांचा पत्रा तर अ‍ॅल्युमिनियमचा, त्यास गंज माहीतच नाही. परंतु उन्हाने जे राखले त्याची किंमत दुसरीकडे वसूल केली होती. रबराचा प्रत्येक तुकडा पापडासारखा तुटत होता, बैठकीचे चामडे भेगाळले होते. विजेच्या तारांना त्या काळी सुताच्या विणीचे वेष्टन असे. ते उंदरांनी आवडीने फस्त केले होते. पायाखालची जमीन मुळात लाकडी फळ्यांची. तिचा भुसा झाला होता.

मग आम्ही बॉनेट उघडले. इंजिन जागच्या जागी होते. आठ दिवस सिलिंडरांत तेल सोडून ठेवले आणि पुढच्या टोकाला पाना लावून ते फिरविण्याचा प्रयत्न केला. कप्पी तेवढी सैल फिरली; आत काही हलल्याची खूण नाही. शेवटी वरचे हेड उतरविले. चारही सिलिंडरांत डोकावून पाहिले तर पलीकडचा उजेड दिसला. पिस्टन नव्हते. खालचे भांडे काढले तर क्रँकशाफ्टही नव्हता. ब्लॉकच्या बाजूस हातभर लांब तडा गेलेला. पाण्याच्या पंपाच्या जागी आतून पत्र्याचा तुकडा ठोकून बसविलेला, डायनॅमोचे नुसते टरफल. ब्लॉकवरील लहान पट्टीवर क्रमांक होता, तोही भलताच. या जातीच्या इंजिनाचा क्रमांक ‘१५जीबी’ किंवा त्यासारख्या अक्षरांनी सुरू होतो, असे आम्ही पुस्तकात वाचले होते. येथे तसे काही नव्हते.

कोणीतरी चोरी केली, हाच आमचा पहिला विचार. आम्ही तावातावाने बोलत होतो, तेवढ्यात आई काठी टेकीत कोठ्याच्या दाराशी आली. तिने ऐंशी ओलांडलेली.

“काय शोधून राहिले रे तुम्ही?”

“आई, इंजिनातलं सामान कोणी काढून नेलं?”

“कोन नेईन? तुमच्या बाबांनीच कवाचं काढलं. टॅक्सीत घातलं.”

तिने ते इतक्या सहज सांगितले की, जणू आम्ही डब्यातील साखर कोठे गेली असे विचारले होते. पहिल्या वर्षी पाण्याचा पंप गेला. थोरल्याला वसतिगृहात ठेवले त्या साली डायनॅमो. आणि दुष्काळाच्या साली सर्वच गेले. १९७२ चा दुष्काळ वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यानंतरच्या उन्हाळ्यात रस्त्यावरील विहिरी कोरड्या पडल्या होत्या. माणसाला प्यायला पाणी मिळेना तेथे मोटारीच्या रेडिएटरला कोण देणार? एका दुपारी आर्णीच्या वाटेवर अँबेसेडर तापली आणि तिच्या ब्लॉकला तडा गेला. नवा ब्लॉक घेण्याची ऐपत नव्हती. गाडी उभी राहिली असती तर हप्ता थकला असता, हप्ता थकला असता तर गाडीच गेली असती. बाबांनी कोठ्यात कंदील लावून तीन रात्री काम केले. लाल मोटारीचा ब्लॉक, क्रँकशाफ्ट आणि पिस्टन काढून ते टॅक्सीत बसविले, आणि टॅक्सीचा फुटका ब्लॉक येथे आणून ठेवला.

“पण फुटका ब्लॉक परत बसवायचं काय कारण?”

“पोरं बॉनेट उघडून पाहत होते न. त्याईले रिकामं दिसू नये म्हनून.”

आम्ही दोघेही काही बोललो नाही. ती मुले म्हणजे आम्हीच.

एका जातीच्या मोटारीचे काळीज दुसरीत कसे बसले, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर या दोन मोटारींच्या वंशावळीत आहे. १९५२ साली इंग्लंडातील ऑस्टिन आणि मॉरिस ही दोन मोठी घराणी एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाली. खर्च वाचावा म्हणून त्यांनी आपल्या नाना प्रकारच्या मोटारींसाठी मोजकी इंजिने ठरविली. त्यांतील ‘बी’ मालिकेचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन एमजीएमध्ये बसविले गेले. इकडे कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर १९५७ पासून अँबेसेडर काढली आणि थोड्याच काळात तिलाही हेच इंजिन मिळाले. सिलिंडरचा व्यास तोच, दट्ट्याची धाव तीच. एकीला दोन कार्ब्युरेटर आणि अधिक दाब देऊन शर्यतीसाठी चपळ केले. दुसरीला एक कार्ब्युरेटर आणि कमी दाब देऊन हलके पेट्रोल, सात प्रवासी आणि टपावरील ट्रंका सोसण्याजोगे केले. सख्ख्या बहिणींपैकी एक राजवाड्यात पडावी आणि दुसरी कष्टकऱ्याच्या घरी, तसा हा प्रकार. बाबांनी हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. दोन्ही बॉनेटांखाली त्यांचे हात गेले होते, एवढे त्यांना पुरेसे होते.

आता दुरुस्तीचा हेतू थोडा पालटला. आधी आम्ही मूळ ब्लॉकचा माग काढला. बाबांनी टॅक्सी १९९१ साली पुसदच्या एका गृहस्थास विकली होती. त्यांच्याकडून ती उमरखेडला गेली, तेथून एका भंगारवाल्याकडे. त्या वृद्धाने आमची सर्व हकीकत शांतपणे ऐकली आणि म्हणाला, “भाऊ, बिडाचं सामान होतं, वजनावर गेलं.” कोठल्या तरी ओतशाळेत वितळून आमचा ‘१५जीबी’ एव्हाना आणखी काही झाला असेल.

मग बाबांचीच वाट उलट्या दिशेने चालावयाचे ठरले. त्यांनी लाल मोटारीतून अँबेसेडरला दिले. आम्ही अँबेसेडरकडून परत मागावयाचे. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद पडले, तरी लहान गावांतील स्पेअर पार्टच्या जुन्या दुकानांत वरच्या फळीवर तिचे सामान अजून निघते. यवतमाळच्या एका दुकानदाराने पिस्टनचा संच काढून त्यावरील धूळ आपल्या उपरण्याने पुसली. “कित्येक वर्षांनी कोणी विचारलं,” असे म्हणून त्याने छापील जुनी किंमतच घेतली. ब्लॉक अमरावतीस मिळाला. डिझेल स्वस्त म्हणून आपल्याकडे पुष्कळांनी अँबेसेडरचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविले होते. अशी काढलेली इंजिने गॅरेजच्या मागे पडून असतात. नागपुरात सिलिंडर बोअर करून घेतले आणि क्रँकशाफ्ट घासून त्याच्या मापाची बेअरिंगे बसविली. एमजीएचे मूळ हेड आणि दोन्ही कार्ब्युरेटर बाबांना उपयोगी पडले नव्हते, म्हणून ते शाबूत होते. तेव्हा आमच्या इंजिनाचा वरचा भाग अ‍ॅबिंग्डनचा आणि खालचा उत्तरपाड्याचा असा झाला.

बाकीच्या भागांसाठी बरीच वणवण झाली. तारांच्या चाकांचा मधला मोठा नट हवा होता. दोन बाजूंच्या नटांचे आटे एकमेकांच्या उलट असतात, म्हणजे चाक फिरताना नट सुटत नाही. मुंबईस चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत दोन दिवस हिंडून एक नट मिळाला. घरी येऊन पाहिले तर आटे चुकीच्या बाजूचे! पुन्हा रेल्वेचे तिकीट काढले. ब्रेकच्या सिलिंडरांची रबरे आणि काचेभोवतीच्या पट्ट्या इंग्लंडातून मागवाव्या लागल्या. तिकडे या मोटारींचे जवळजवळ सर्व भाग आजही नवे तयार होतात. परंतु टपाल आणि जकात मिळून वस्तूपेक्षा तिचा प्रवास महाग पडतो. जीव मुठीत धरून थांबावयाची जी गोष्ट, तिच्यात काटकसर करू नये, हे बाबांचे वचन आठवून आम्ही ते पैसे भरले.

जे गावात होण्यासारखे होते ते गावातच केले. पायाखालच्या फळ्यांसाठी एका जुन्या वाड्याच्या दाराचे सागवान मिळाले. कापसाच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारागिराने टप शिवला. आधी त्याला विश्वास वाटेना की, इतक्या लहान गाडीला झाकण हवे असते. तारांच्या वेष्टनाचा प्रश्न मोटर वाइंडिंगच्या दुकानात सुटला : विहिरीवरील पंपाची मोटर भरताना जी सुती पट्टी वापरतात, तीच तारांच्या जुडग्यांवर हाताने गुंडाळली. कापसाच्या जिल्ह्यात सुतावाचून काम अडले नाही. आणि पाने? आजच्या गॅरेजात सर्व पाने मिलिमीटरचे. आमच्या मोटारीचे नट-बोल्ट इंचाच्या अपूर्णांकांचे. बाबांच्या पेटीत प्रत्येक माप निघाले, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले. ती पेटी आम्ही वीस वर्षे उघडलीच नव्हती.

मध्ये करोनाची दोन वर्षे गेली. शेवटी २०२२ च्या उन्हाळ्यात एका सकाळी इंजिन सुरू केले. दोन कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात की नाही, हे कानाला रबरी नळी लावून ऐकावयाचे असते. एक भाऊ ऐकत होता, दुसरा पेचकसाने स्क्रू फिरवीत होता. हळूहळू दोन्हींचा सुस्कारा एक झाला आणि इंजिन संथ लयीत चालू लागले. आई दाराशी खुर्चीवर बसली होती. तिची नजर अधू झाली आहे, पण कान तिखट. ती म्हणाली, “हा तं आपल्या टॅक्सीचाच आवाज आहे.”

पुष्कळ वर्षे तिने त्या आवाजाची रात्री-अपरात्री वाट पाहिली होती. तिची चूक होणे शक्य नव्हते.

येथेच हकीकत संपवता आली असती. परंतु मोटार विकावयाची होती. मुंबईहून एक गृहस्थ पाहावयास आले. मोटार त्यांना आवडली. इंजिनावरील क्रमांक पाहून त्यांचा चेहरा पडला. जुन्या मोटारींच्या बाजारात सांगाडा आणि इंजिन मूळ जोडीचे असेल तर किंमत निराळी आणि नसेल तर निराळी. ते म्हणाले, “परदेशातून बरोबर जातीचा ब्लॉक मागवा. अथवा...” थोडे थांबून ते म्हणाले, “जुन्या कागदावरील क्रमांकाची पट्टीही करून मिळते. ती ठोकली की कोण पाहतो?” त्यानंतर त्यांनी जो आकडा सांगितला, त्यात मुलीचे कर्ज फिटून वर बरेच उरले असते.

त्या रात्री आमच्यात वाद झाला, हे लपवीत नाही. खोटी पट्टी ठोकावयाची नाही, यावर मतभेद नव्हता. प्रश्न दुसऱ्या ब्लॉकचा होता. थोरल्याचे म्हणणे असे की, खरा ब्लॉक मागवून बसविण्यात खोटे काय? घरात मुलीच्या कर्जाचे ओझे आहे. ज्याच्या मुलीचे ते कर्ज, तो धाकटाच नको म्हणाला. “बाबांनी जे काढलं ते आपल्यासाठी काढलं,” तो म्हणाला. “तिसऱ्याच मोटारीचा ब्लॉक आणून बसवला तर ती मूळ होईल का? उलट जे घडलं तेवढं पुसलं जाईल.” थोरल्याला उत्तर सुचले नाही, सकाळपर्यंत ते नको होते असेही वाटू लागले. गृहस्थांस नकार कळविला. कर्ज अजून फिटावयाचे आहे. मुलगी नोकरीस लागली आहे आणि दरमहा थोडे थोडे फेडीत आहे.

आता एक शेवटची पायरी राहिली आहे. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली निराळे नियम केले. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की, मोटार मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, आणि तशी तपासणी समितीची खात्री पटावी. नोंदणी झाली तरी ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. धंद्यासाठी तर मुळीच नाही. कमाई करावयास मनाई असलेली मोटार ही कल्पना ऐकून बाबा पोट धरून हसले असते. तरीही मनात येते, त्यांच्या हयातीत ही मोटार स्वतःच्या चाकांवर एक पैसाही मिळवू शकली नाही, पण तिचा ब्लॉक दारव्हा रस्त्यावर अठरा वर्षे राबला. आमच्या फिया त्याने भरल्या आहेत.

अर्जाच्या छापील नमुन्यात इंजिन क्रमांकाचा रकाना असतो. तेथे अँबेसेडरच्या ब्लॉकचा क्रमांक आम्ही स्वच्छ अक्षरात लिहिला आणि सोबत साध्या कागदावर १९७३ च्या उन्हाळ्याची हकीकत जोडली. समिती तिला मूळ स्वरूप म्हणते की मोठा फेरफार, हे अद्याप कळावयाचे आहे. नकार आला तर मोटार कोठ्यातच राहील. तिची तिला सवय आहे.

तोवर दर रविवारी मिस्सा आटोपून आलो की आम्ही कोठ्याचे दार उघडतो आणि पाच-दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतो. शेजारची लहान मुले जमतात. बॉनेट उघडा म्हणून हट्ट धरतात. आम्ही उघडतो.